फक्त अंधार पाहिजे

"या अमावास्येला मृगातला तेजोमेघ फोटोत धरून नाही आणला, तर अभिमन हे नाव बदलीन!"

ही गर्जना अभिमनने जळगावच्या कचेरीत, ऐन चहाच्या वेळी केली आणि जोर यावा म्हणून टेबलावर बशी आपटली. बशी वाचली, चहा मात्र शेजारच्या लोटनच्या फायलीवर सांडला. लोटन हा कचेरीतला खाण्यातला दर्दी माणूस. त्याने फाईल शांतपणे झटकली आणि विचारलं, "तेजोमेघ म्हणजे काय रे? गोड असतो की तिखट?"

"अरे, आकाशात असतो तो! मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या खाली धुरकट ठिपका दिसतो ना, तो वायूचा ढग आहे ढग! त्यात नवे तारे जन्माला येतात!"

"दिसतो ना? मग फोटो कशाला?"

या प्रश्नावर अभिमन नेहमी डोळे मिटून घेत असे. आताही त्याने ते मिटले.

गेल्या वर्षी हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, तेव्हापासूनचं हे दुखणं. सगळं जळगाव गच्च्यांवर चढलं होतं. लोकांनी धूमकेतू दिसला म्हणून एकमेकांना सांगितलं आणि खाली जाऊन पांघरूण घेतलं. अभिमनला धूमकेतू काही दिसला नाही, पण बाकीचं आकाश दिसलं, आणि त्याची मान जी वर गेली ती वरच राहिली!

आता आकाशाचा फोटो म्हणजे लग्नातला फोटो नव्हे, की 'हसा' म्हटलं आणि खटका दाबला. तिथे उजेड इतका थोडा, की कॅमेऱ्याचा डोळा दहा-दहा मिनिटं उघडा ठेवावा लागतो. आणि तेवढ्यात ही पृथ्वी फिरते! फोटोत ताऱ्यांच्या शेवया होतात. त्यावर उपाय एकच, कॅमेराही ताऱ्यांच्या चालीने फिरवायचा. परदेशात त्याची यंत्रं मिळतात म्हणे. अभिमनने ते घरच्या घरी केलं. दोन फळ्या बिजागरीने जोडल्या. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, खालची फळी स्टुलावर पक्की करायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा. दोन्हींच्या मध्ये एक लांब बोल्ट. त्याला बरणीचं झाकण ठोकलेलं. ते झाकण मिनिटाला एक फेरा असं हाताने फिरवत राहिलं, की वरची फळी आकाशाबरोबर हळूहळू उचलली जाते. आणि सगळं घडी घालून भाजीच्या पिशवीत मावतं! ही पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवून जाताना अभिमनला आपण फार मोठे शास्त्रज्ञ आहोत असं वाटे.

फळ्या कुठल्या, हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. जळगावच्या वखारीतून आणलेली प्रत्येक फळी एका उन्हाळ्यात पापडासारखी वाकली होती. वाकलेल्या फळीवर ध्रुव सापडत नाही. शेवटी एका दुपारी त्याची नजर स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकवलेल्या दोन पाटांवर गेली. लग्नातले पाट! सासऱ्यांनी, म्हणजे झुलालआबांनी, स्वतःच्या बांधावरचा शिसव तोडून करवून घेतलेले, कोपऱ्यांत आणि मध्यभागी पितळी फुलं जडवलेले. सरळ असे, की त्यांवर पारा ठेवला तरी हलला नसता.

कुंदा बाजारातून परत आली तेव्हा एका पाटाच्या मधल्या फुलातून बोल्ट आरपार गेला होता.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती फक्त खाली बसली. नंतर म्हणाली, "आबांनी ते झाड पाडताना माझ्या आईजवळ डोळे पुसले होते."

तेव्हापासून आबा जळगावला आले की कुंदा त्यांना चटईवर बसवायची आणि सांगायची, पाट पॉलिशला दिलेत. आबा म्हणायचे, "कितलं पॉलिश करतस ह्या जळगाववाला!" आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आबा पुन्हा येणार होते, आणि वर्षभर चालणारं पॉलिश जगात कुठेच नसतं. म्हणून कुंदाने अट घातली. "या थंडीत एक तरी फोटो आणून दाखवा. आबांपुढे ठेवून सांगता तरी येईल, की पाट यासाठी गेले. नाहीतर बिजागरी काढायची, भोक बुजवायचं आणि पुन्हा आकाशाचं नाव घ्यायचं नाही." अभिमनने कबूल केलं. बशी आपटली ती या कबुलीच्या जोरावर.

जळगावात फोटो निघणं शक्य नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे दिवे! पण आबांचं शेत एरंडोलच्या अलीकडे, हायवेपासून चांगलं आत होतं. तिथे संध्याकाळ झाली की आपला हात आपल्याला दिसत नाही, हे अभिमनने स्वतः ठेच लागून अनुभवलेलं. आणि योग असा, की दुसऱ्याच दिवशी मेहुणा कौतिक कापसाच्या कामाने जळगावला आला आणि कचेरीत डोकावला. अभिमनने त्याला टेबलाजवळ बसवलं.

"कौतिक, आबांना सांग. रविवारी संध्याकाळी मी आणि कुंदा शेतात येतोय. काहीएक करू नका म्हणावं. जेवणाचं नको, चहाचं नको. मला फक्त अंधार पाहिजे."

"फक्त अंधार?" कौतिकने विचारलं.

"फक्त अंधार!"

"बरं पाव्हणा, सांगस," म्हणून कौतिक गेला.

शेजारी लोटन फाईल वाळवत बसला होता. त्याच्या कानावर पडले ते शब्द असे: रविवार, संध्याकाळ, सासऱ्याचं शेत, जानेवारी. खानदेशात हे शब्द एका ओळीत आले की त्यांचा अर्थ एकच होतो. भरीत! कपाशी वेचून झालेली असते, शेतात पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचे ढीग पडलेले असतात, वांगी रसरशीत झालेली असतात. अशा दिवसांत माणूस संध्याकाळी शेतात जातो तो भरताच्या पार्टीलाच. तारे बघायला कोण जातं? लोटनचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे तेजोमेघ तेजोमेघ करून आम्हाला टाळतोय होय हा!" तो मोठ्या साहेबांच्या केबिनकडे वळला.

तिकडे शेतात कौतिकने निरोप शब्दाशब्दाने पोचवला, त्यात त्याची काही चूक नव्हती. आबांनी तो ऐकला, पागोटं सारखं केलं आणि बायकोला, सुगंधाबाईंना हाक मारली.

"ऐकं का? जवाईबुवा म्हणतस, काही करू नका, आम्ही अंधारम्हा बठसूत!"

सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. "देखा कितला गरीब माणूस शे! तोंडघाई मांगाले लाजस!"

"लाजस म्हनीसन आपन त्याले अंधारम्हा बठाडसूत का? गाव थुकी आपला तोंडवर!" आबा कडाडले. "कौतिक! असोदाले जाय. भरीतना वांगा असोदानाच पायजेत. आनि गॅसबत्त्या सांग. जितला भेटतीन तितला!"

रविवारी अभिमन खुशीत होता. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कॅमेरा स्टुडिओवाल्या भिकनभाऊचा, दोस्तीखात्यात आणलेला. त्यात काळ्या-पांढऱ्या रोलचे शेवटचे चार फोटो शिल्लक होते. "चार पुरे! मला एकच पाहिजे," असं त्याने भिकनभाऊला ऐटीत सांगितलं होतं. स्कूटरवर मागे कुंदा, तिच्या मांडीवर यंत्राची पिशवी, पुढे पायांत स्टूल. एरंडोलचा रस्ता धरला तेव्हा सूर्य मावळला होता. शेताकडच्या गाडरस्त्याला वळले आणि अभिमन म्हणाला, "बघ, अजून संधिप्रकाश किती आहे!"

"सूर्य उजवीकडे मावळला," कुंदा म्हणाली. "उजेड पुढे दिसतोय."

अभिमनने स्कूटर थांबवली. पुढे झाडांवर पिवळा उजेड चढला होता. धूर सरळ वर जात होता. भजनाचा पेटीवाला सूर लावून बघत होता!

शेतात शिरले तर विहिरीपासून मळणीच्या खळ्यापर्यंत गॅसबत्त्यांची रांग. मोटारीच्या खोलीवर दिव्यांची माळ. आणि उरलासुरला अंधारही राहू नये म्हणून शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दोन्ही दिवे पेटवून उभा केलेला, जावई जिथे बसणार त्या सतरंजीवर नेम धरून! मध्ये पऱ्हाटीचा जाळ. जाळात वांगी तडतडत होती. अर्धं गाव हजर होतं.

"या या जवाईबुवा!" आबा दोन्ही हात पसरून पुढे आले. "अंधारम्हा बठसूत म्हने! आम्ही मरेल शेत का?"

ट्रॅक्टरच्या उजेडात अभिमनला आबाही दिसत नव्हते. "आबा, मी खरंच अंधार..." एवढं तो म्हणाला, तोच मागून गाडीचा हॉर्न वाजला. कचेरीची जीप! जीपमधून लोटन उतरला, मागून तीन कारकून, आणि सर्वांत शेवटी, गळ्याला मफलर गुंडाळलेले मोठे साहेब.

"काय अभिमन," साहेब म्हणाले, "आम्हाला चुकवून तेजोमेघ खाताय?"

लोटन जाळाजवळ जाऊन खोल श्वास घेत उभा राहिला. "व्वा! काय मेघ आहे! लसूण पडला वाटतं त्यात!"

आबांना तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. जावयाचे साहेब आपल्या शेतात! त्यांनी ताबडतोब आणखी एक भारा जाळात टाकायला सांगितलं.

अभिमनने कुंदाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिची नजर पिशवीवर होती. एवढ्या उजेडात ती पिशवी उघडली तर काय होईल, हे दोघांनाही एकदम कळलं. "विहिरीमागे जा," ती कुजबुजली. "मी इथे सांभाळते. पण लवकर करा!"

विहिरीमागे थोडी सावली होती. अभिमनने स्टूल रोवलं, यंत्र उघडलं, बिजागरीवर डोळा ठेवून ध्रुव साधला. कॅमेरा मृगाकडे फिरवला. वर मृग कसा अगदी टपोरा उभा होता! अभिमनने खटका दाबला आणि झाकण फिरवायला सुरुवात केली. एक फेरा. दुसरा फेरा.

"पाव्हणा!" बॅटरीचा झोत सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात! मागे कौतिक. "आठे काय करी राहिनात? आठे इचू निंघतस!"

पहिला फोटो गेला. कौतिकला समजावून परत पाठवलं, दुसरा लावला. एवढ्यात गॅसबत्ती हातात घेऊन खुद्द लोटन आला. त्याची खात्री झाली होती, की जावयासाठी वेगळं, जास्त तेलाचं भरीत विहिरीमागे ठेवलं आहे. त्याने बत्ती स्टुलाखाली धरली, यंत्रामागे धरली, अभिमनच्या पाठीमागे धरली. काही न सापडल्यावर तो निराश होऊन गेला, आणि त्याच्याबरोबर दुसरा फोटोही. तिसरा मात्र अगदी छान चालला होता. फेऱ्यामागून फेरा, हात स्थिर, श्वास स्थिर! मग जाळात नवा भारा पडला आणि ज्वाळा विहिरीच्या रहाटापेक्षा उंच गेली. मृग, व्याध, ध्रुव, सगळं तांबूस उजेडात बुडून गेलं.

उरला एक फोटो.

अभिमन कपाळावर हात धरून विहिरीच्या काठावर बसला. एकच. तो गेला की यंत्र गेलं, आकाश गेलं, आणि आखाजीला आबा येतील तेव्हा दाखवायला काही नाही, फक्त भोक. त्याला खरोखरच रडू येत होतं.

तोवर तिकडे पंगत मांडली गेली. केळीची पानं, ठेचलेलं हिरवं भरीत, त्यावर कांद्याची पात, गरम पुऱ्या, शिवाय कळण्याच्या भाकरी. सगळे बसले. साहेब बसले. जावयाची जागा मोकळी.

"जवाईले पाट मांडा," सुगंधाबाई पदर सावरत म्हणाल्या. "सतरंजीवर बठाडतंस का जवाईले?"

शेतात पाट कुठला? सगळे इकडे तिकडे बघू लागले. आणि कौतिकला आठवलं! बॅटरीच्या झोतात त्याने काय पाहिलं होतं ते आठवलं. तो उठला.

"पाव्हणास्नी संगे पाट आनेल शेतस! विहीरमांगे शेतस!"

"कौतिक, थांब!" कुंदा किंचाळली. पण बहिणीचं ऐकतो तो भाऊ कसला? तो धावत गेला. अभिमन पाणी प्यायला मोटारीच्या खोलीकडे गेला होता. तो परतला तेव्हा स्टूल रिकामं होतं, आणि त्याचं यंत्र, कॅमेऱ्यासकट, नवरदेवाच्या मिरवणुकीसारखं दोन्ही हातांवर उचललेलं पंगतीकडे चाललं होतं.

कौतिकने ते सर्वांच्या मधोमध ठेवलं. ट्रॅक्टरचे दोन दिवे आणि सगळ्या गॅसबत्त्या त्यावर पडल्या.

पेटीवाल्याचा सूर आपोआप थांबला. आबा हळूहळू पुढे आले, चष्मा पुसला आणि वाकून बघू लागले. कोपऱ्यातली पितळी फुलं. बिजागरी. मधलं फूल, आणि त्यातून वर आलेला बोल्ट. त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं.

"हाऊ मना शिसव शे," ते म्हणाले.

"हो, आबा," अभिमन म्हणाला.

"पॉलिशले व्हता ना?"

कुंदाने मान खाली घातली. लोटनसारख्या माणसाने हातातली पुरी पानावर ठेवली, यावरून प्रसंग ओळखावा.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. अभिमन पाटाशेजारी मांडी घालून बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. वरचा मृग दाखवला. त्यातला ढग सांगितला. आकाश फिरतं म्हणून फळी कशी फिरवावी लागते ते बरणीचं झाकण फिरवून दाखवलं. बोलता बोलता भीती गेली आणि तो नेहमीसारखा हात उडवू लागला.

"आणि आबा, मी आधी तुमच्या पाटांना हात लावला नव्हता! वखारीतून फळ्या आणल्या. सागाच्या आणल्या, देवदाराच्या आणल्या. उन्हाळा आला की सगळ्या वाकल्या! फळी केसभर वाकली तरी तारा निसटतो. सगळ्या जळगावात न वाकणारी लाकडं दोनच सापडली. तुमची!"

आबांनी चष्मा काढला.

"वाकना नही?" त्यांनी विचारलं.

"केसभरसुद्धा नाही!"

"वखारना सागवान वाकना?"

"पापड झाला त्याचा!"

आबांनी पंगतीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, साहेबांकडे तर मुद्दाम दोनदा पाहिलं. "वाकी कसा? बांधवरना शे! मना बापनी लायेल व्हता!" आणि मग जावयाकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हले काय पायजे ते सांगा, जवाईबुवा."

"आबा, मी निरोपात तेच सांगितलं होतं. फक्त अंधार पाहिजे."

आबा उभे राहिले. पुढचा आवाज एरंडोलपर्यंत गेला असावा.

"बत्त्या बंद! ट्रॅक्टर बंद! जाळवर माटी टाका!"

"पाणी नको, धूर होईल!" अभिमन ओरडला.

"माटीच! पानी टाकी त्याना हात तोडसू! कौतिक, डीपीवर जाय, फ्यूज काढ!"

एकेक बत्ती फुसफुसत विझली. ट्रॅक्टर मिटला. जाळावर घमेल्यांनी माती पडली. मग लांब डीपीवर खट्ट झालं आणि आबांच्या मोटारीबरोबर आजूबाजूच्या सगळ्या शेतांतल्या मोटारी, सगळे बल्ब, वाडीतलं देवळाचं ट्यूबलाईट, सगळं एका दमात गेलं. असा अंधार पडला, की माणसं आपल्याच पंगतीत हरवली.

"कोनी बिडी पेटाडानी नही!" आबा अंधारात म्हणाले. "कोनी खोकलानं नही!"

"आबा, खोकललं तर चालतं."

"नही! खोकलानं नही!"

अभिमनने चाचपडत यंत्र विहिरीमागे नेलं, ध्रुव साधला, मृग साधला. शेवटचा फोटो. खटका दाबला आणि झाकण फिरवू लागला. मागे एवढी माणसं, पण आवाज फक्त चावण्याचा. अंधारात पुऱ्या कोण मोजतो? लोटनच्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची पंगत होती. साहेबांच्या पानावरचं भरीत दोनदा संपलं, आणि साहेबांनी ते खाल्लं नव्हतं. मोटारी बंद पडल्या म्हणून काठ्या घेऊन आलेले शेजारचे शेतकरी जिथल्या तिथे बसवले गेले आणि त्यांच्या हातात भाकरी दिली गेली. तेही चावू लागले.

अभिमनच्या शेजारी बांगड्या वाजल्या. "आ करा," कुंदा म्हणाली. एवढ्या वडीलधाऱ्यांत तिने त्याला घास भरवणं म्हणजे केवढी गोष्ट! पण अंधार होता. भरीत तिखट, पुरी अजून गरम. "हात थांबवू नका," ती म्हणाली आणि दुसरा घास दिला. अभिमनला वाटलं, आता तेजोमेघ नाही आला तरी चालेल. पण झाकण त्याने नेमाने फिरवलं.

आणि तो आला!

सोमवारी भिकनभाऊने रोल धुऊन दोरीवर टांगला. अभिमनने तो ओला रोल खिडकीकडे धरला. शेवटच्या चौकटीत ताऱ्यांचे टोकदार काळे ठिपके, एकही ओघळलेला नाही, आणि त्यांच्यामध्ये एक छोटा, पसरट, पंख उघडल्यासारखा ढग. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, तरी अभिमनला तो ओळखू आला. त्याने भिकनभाऊला मिठी मारली. पण त्याच दुपारी त्याला साहेबांनी हिशेब तपासणीसाठी धुळ्याला पाठवलेलं. बस सुटायला आली होती.

"भिकनभाऊ, शेवटचा फोटो मोठा कर! पार मोठा! फ्रेम लाव. आबांना द्यायचाय. काही कसर ठेवू नको!"

"तू जा रे! मी आहे ना!"

धुळ्याचा आठवडा अभिमनने हवेत काढला. परतला तो बसस्टँडवरून थेट स्टुडिओत.

"फोटो?"

"तुझे आबा कालच घेऊन गेले. बाजाराला आले होते. फार खूश!" भिकनभाऊ खुर्चीत मागे रेलला. "पण मेहनत फार पडली हां. निगेटिव्हवर धूळ बसलेली असणार. मोठा केला तर फोटोभर पांढरे ठिपके! शेकडो! दोन रात्री बारीक कुंचला घेऊन बसलो. एकूण एक ठिपका बुजवला."

अभिमन स्टुलावर बसला.

"आणि मधला डाग?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"हां, तो फार वाईट होता! तो जाम जात नव्हता. पण घालवला! तुझ्या मेहुण्याबरोबर आबांनी आधीच निरोप धाडला होता ना, शेतातल्या अंधाराचा फोटो आहे म्हणून. मग म्हटलं, अंधार कसा एकदम शुद्ध पाहिजे!"

निगेटिव्ह शाबूत होती, हे नशीब. अभिमनने तिथेच उभं राहून दुसरी प्रत करून घेतली, कुंचला भिकनभाऊच्या हातातून काढून घेतल्यावर. ती पिशवीत घातली आणि कुंदाला स्कूटरवर घेऊन तो सासुरवाडीला निघाला.

ओसरीत गर्दी होती. देवांच्या तसबिरींच्या शेजारी, सर्वांत मोठ्या फ्रेममध्ये, काचेखाली, कडेपासून कडेपर्यंत काळाकुट्ट चौकोन टांगला होता. खाली आबा काठीने दाखवत होते. "हाई विहीरनी बाजू. हाई खयानी बाजू. आठे साहेब बठेल व्हतात." लोक माना डोलावत होते.

अभिमनने आबांना बाजूला घेतलं आणि खरी प्रत हातात दिली. "आबा, तो फोटो चुकून तसा झाला. हा बघा. हे तारे, आणि हा तेजोमेघ!"

आबांनी चष्मा लावला, प्रत उजेडात धरली, तिरकी केली, आणि मोठ्या मायेने जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"जवाईबुवा, ह्याम्हा ठिपका पडेल शेतस. बिघडना हाऊ. जाऊ द्या, तो मोठा चांगला उना शे ना!"

अभिमनने तोंड उघडलं. कुंदाने त्याचा हात दाबला. पाट यंत्रातच राहणार, असं आबांनी गावासमोर जाहीर केलं होतं, आणि आखाजीला ते चटईवर बसणार होते, मुद्दाम. ठिपक्यांची ती प्रत तिने आबांच्या हातातून घेऊन स्वतःच्या पिशवीत नीट ठेवली. ती घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागणार होती, जिथे पाट टेकवलेले असत तिथे.

आबा मात्र अजून थोडे अस्वस्थ दिसत होते. त्यांनी अभिमनला फ्रेमसमोर उभं केलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा. तुम्ही शिकेल माणूस. आम्हना अंधार कसा शे?"

अभिमनने त्या काळ्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, शेजारी आबांचं पागोटं.

"एक नंबर, आबा," तो म्हणाला. "असा अंधार जळगावात मिळत नाही."

आबा सगळ्या ओसरीकडे वळले आणि त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"ऐकं का रे बठ्ठास्नी? वांगा असोदाना व्हतात, पन अंधार आपला!"